फ्रेंचचा इंपर्फेक्ट सब्जंक्टिव्ह : ओळखावा किती, लिहावा किती

बडोद्यातील कारेलीबाग आणि तिच्या आसपासच्या मराठी घरांतून फ्रेंच शिकणारे जे वाचक आपल्या शंका आमच्यापर्यंत पोहोचवितात, त्यांच्या पत्रांत एक तक्रार इतक्या नियमाने येते की तिचे उत्तर एकदा सविस्तर देऊन टाकणेच श्रेयस्कर वाटू लागले आहे. वर्ष-दोन वर्षे नेटाने अभ्यास करून, वर्तमान, भूत, भविष्य आणि सब्जंक्टिव्हचा वर्तमानकाळ एवढे सारे पदरात पाडून घेऊन, मोठ्या उमेदीने फ्लोबेरची किंवा ज्यूल व्हर्नची एखादी कादंबरी हाती धरावी, आणि जी वर्गात कधी भेटलीच नव्हती अशी क्रियापदे, कुणाच्या डोक्यावर टोपी (^) तर कुणाच्या शेपटाला दोन-दोन ‘एस’, पानोपानी समोर यावीत, असा हा अनुभव आहे. मग प्रश्न सुरू होतात. हे सगळे आता पाठ करावयाचे काय? परीक्षेत याची उलटतपासणी होते काय? आणि बोलताना हे रूप वापरले नाही, तर आपली फ्रेंच गावंढळ ठरेल काय?

उत्तर आधीच सांगून ठेवतो. हे रूप, म्हणजेच इंपर्फेक्ट सब्जंक्टिव्ह, वाचताना बिनचूक ओळखता आले पाहिजे; लिहिता यावीत ती मुख्यतः दोन क्रियापदांची तृतीय पुरुषी एकवचने; आणि बोलण्यात ते आणू नये.

बडोद्याला फ्रेंच परकी असली तरी नवखी नाही. १८९३ ते १९०६ या काळात अरविंद घोष येथे गायकवाड सरकारच्या चाकरीत होते, आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या त्या वेळच्या बडोदा कॉलेजात त्यांनी इंग्रजीप्रमाणेच काही काळ फ्रेंचही शिकविली. त्या काळच्या व्याकरणानुसार लेखनात हे रूप टाळण्याची सोय जवळजवळ नव्हती. आपल्या पिढीला ती आहे, एवढेच नव्हे तर ती सरकारी हुकमाने मिळालेली आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

(या लेखात फ्रेंच शब्दांचे उच्चार नागरीत दिले आहेत. अक्षरांची नावे मात्र ए, आय, यू, एस, टी अशी आपल्या सवयीची इंग्रजी घेतली आहेत, कारण या प्रकरणात जे लिहिले जाते त्यातले निम्मे उच्चारलेच जात नाही.)

आधी आपले प्रयोजन ठरवा

- कॅनडाच्या अर्जासाठी टीईएफ किंवा टीसीएफ देणाऱ्यांनी या रूपाच्या पाठांतरावर एक संध्याकाळही खर्च करू नये. लेखन आणि संभाषण या दोन्ही विभागांत वर्तमानकाळी सब्जंक्टिव्ह बिनचूक वापरता येणे शतपट अधिक मोलाचे आहे. वाचनाच्या वरच्या पायरीवरील उताऱ्यात एखादे रूप आलेच, तर ते ओळखता यावे एवढेच पुरे.
- डेल्फच्या बी-२ पर्यंत हीच गोष्ट लागू. डाल्फच्या सी-१ आणि सी-२ स्तरांवर वाङ्मयीन वा वैचारिक उतारे वाचावे लागतात. तेथे ओळख पक्की हवी.
- विद्यापीठात फ्रेंच साहित्य घेणाऱ्यांना आणि भाषांतर करू इच्छिणाऱ्यांना हे प्रकरण संपूर्ण शिकल्यावाचून गत्यंतर नाही.
- निवृत्तीनंतर हौसेने शिकणाऱ्या वाचकांनी, ज्यांची संख्या आमच्या पत्रव्यवहारात लक्षणीय आहे, कादंबरी हाती घेण्याच्या वेळीच हे शिकावे. त्यापूर्वी शिकल्यास ते निरुपयोगी तर ठरतेच, शिवाय वर्तमानकाळी रूपांत घोटाळा करून ठेवते.

रूप कसे बनते

बाहेरून भयप्रद दिसणाऱ्या या रूपाची घडण फ्रेंच व्याकरणातील अत्यंत नियमबद्ध घडणींपैकी एक आहे. अट एकच : कथनात्मक साधा भूतकाळ, म्हणजे ‘पासे सँप्ल’, आपणांस आला पाहिजे. तो येत नसेल तर हे पान येथेच मिटवून आधी तो शिकावा. ज्याला तो येतो त्याला इंपर्फेक्ट सब्जंक्टिव्ह जवळजवळ फुकट मिळतो.

१. क्रियापदाचे पासे सँप्लमधील ‘तू’चे रूप घ्यावे. ‘शाँते’ म्हणजे गाणे. त्याचे ‘तू’चे रूप ‘शाँता’, लेखनात अखेरीस एक मुका एस.

२. त्या रूपाला एस आणि ई ही दोन अक्षरे जोडावीत. आधीचा एस आणि हा एस मिळून दोन झाले, आणि मुका होता तो आता बोलू लागला : ‘शाँतास’. हे ‘मी’चे रूप.

३. उरलेल्या पुरुषवचनांत केवळ शेपूट बदलते :

- मी : शाँतास (अखेर एस-एस-ई)
- तू : शाँतास (एस-एस-ई-एस)
- तो, ती : शाँता (‘ए’वर टोपी, त्यापुढे मुका टी)
- आम्ही : शाँतासियों
- तुम्ही : शाँतासिये
- ते, त्या : शाँतास (एस-एस-ई-एन-टी)

सहांपैकी पाच ठिकाणी दुहेरी एस आहे आणि एकाच ठिकाणी नाही. जे एक निराळे आहे तेच, म्हणजे ‘तो’चे, पुस्तकांत सर्वांत अधिक भेटते. त्याला वेगळे लक्षात ठेवावे.

आता कोणत्या क्रियापदाला कोणता स्वर, एवढाच प्रश्न राहिला. त्याची चार घराणी आहेत.

- ‘ए’चे घराणे : ई-आर अशी अखेर असलेली सर्व क्रियापदे, अन्यत्र अनियमित वागणारे ‘आले’ (जाणे) हेही येथे निमूटपणे नियमात बसते.
- ‘आय’चे घराणे : ‘फिनीर’ आणि त्याच्यासारखी, तसेच फेर (करणे), व्ह्वार (पाहणे), प्राँद्र (घेणे), मेत्र (ठेवणे), दीर (सांगणे).
- ‘यू’चे घराणे : एत्र (असणे), आव्ह्वार (जवळ असणे), पूव्ह्वार (शकणे), साव्ह्वार (जाणणे), व्हुल्वार (इच्छिणे), दव्ह्वार (भाग असणे), लीर (वाचणे), ब्वार (पिणे), कुरीर (धावणे), मुरीर (मरणे).
- ‘आय-एन’चे घराणे : व्हनीर (येणे), तनीर (धरणे) आणि त्यांना उपसर्ग लागून झालेली सर्व.

यांपलीकडे अपवाद शोधीत बसू नये. अनियमितपणा जो काय आहे तो पासे सँप्लमध्येच संपलेला असतो. या रूपात तो नव्याने निर्माण होत नाही. ज्यांनी लहानपणी संस्कृतची रूपावली म्हटली आहे त्यांना हे पाठांतर चार दिवसांपेक्षा अधिक लागण्याचे कारण नाही.

कानाला न कळणारी टोपी

खरी मेख येथे आहे. ‘तो होता’ या अर्थाचे पासे सँप्लचे ‘फ्यु’ आणि सब्जंक्टिव्हचे ‘फ्यु’ यांच्या उच्चारात तिळमात्र फरक नाही. दोन्हींच्या अखेरीस मुका टी आहे. फरक आहे तो केवळ ‘यू’वर टोपी आहे किंवा नाही एवढाच. आव्ह्वारचे ‘यु’, फिनीरचे ‘फिनी’, व्हनीरचे ‘व्हँ’ यांचीही गोष्ट हीच : टोपीविना ते घडलेल्या गोष्टीचे कथन, टोपीसह ते इच्छा, शंका, भय किंवा सवलत यांच्या छायेतले विधान. ‘ए’च्या घराण्यात थोडी अधिक मदत मिळते, कारण तेथे साध्या भूतकाळाला अखेरचा टी नसतो, टोपी आणि टी दोन्ही दिसली की निर्णय झाला.

तथापि टोपी दिसताच निकाल देऊन मोकळे होऊ नये. पासे सँप्लच्या ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या रूपांनाही टोपी असते. पण त्यांची अखेर एम-ई-एस किंवा टी-ई-एस अशी असल्यामुळे ती सहज वेगळी काढता येतात. दुसरा चकवा ‘प्ले’ (आवडते) आणि ‘कोने’ (ओळखतो) या वर्तमानकाळी रूपांचा : यांत ‘आय’वर टोपी आणि अखेरीस टी अशी दोन्ही लक्षणे जुळतात. टोपीवाल्या ‘आय’च्या अगोदर ‘ए’ असेल, तर तो वर्तमानकाळ समजावा.

दुहेरी एसच्या बाबतीत याहून मोठी फसगत होते, आणि ती चांगल्या विद्यार्थ्यांचीही होते. ‘फास’ हा करणे या क्रियापदाचा वर्तमान सब्जंक्टिव्ह. ‘फिस’ हा इंपर्फेक्ट. ‘प्युइस’ हा शकणेचा वर्तमान. ‘प्युस’ हा इंपर्फेक्ट. एत्रचे ‘फ्युस’ आणि फेरचे ‘फिस’ यांची अदलाबदल तर नित्याची. फिनीर आणि त्याच्या भावंडांत आणखी मौज अशी की वर्तमान आणि इंपर्फेक्ट यांची पाच रूपे अक्षरशः एकच आहेत. ‘तो’च्या रूपातच काय तो भेद उरतो, वर्तमानात ‘फिनीस’ आणि इंपर्फेक्टमध्ये टोपीवाले ‘फिनी’. बाकीच्या पाचांत काळ कोणता, हे मुख्य वाक्यावरून ठरवावे, आणि ठरले नाही तरी अर्थाचे काही बिघडत नाही.

हे रूप येते कोठे

जेथे सब्जंक्टिव्ह यावयाचाच, अशा गौण वाक्याचे मुख्य वाक्य भूतकाळात किंवा कंडिशनलमध्ये असेल, तर जुन्या शिस्तीप्रमाणे गौण वाक्यही मागच्या काळात सरकते. ‘तिने यावे अशी त्याची इच्छा आहे’ यात वर्तमान : ‘इल व्हू केल व्हिएन’. ‘तिने यावे अशी त्याची इच्छा होती’ यात इंपर्फेक्ट : ‘इल व्हुले केल व्हँ’. क्रिया त्याही आधी घडून गेलेली असेल, तर आव्ह्वार किंवा एत्रच्या इंपर्फेक्ट सब्जंक्टिव्हला भूतकालवाचक धातुसाधित जोडून प्लुपर्फेक्ट होतो : ‘ब्यँ किल यु फिनी’, म्हणजे ‘त्याचे संपले होते तरीसुद्धा’.

वरची दोन मराठी वाक्ये पुन्हा वाचून पाहावीत. ‘आहे’चे ‘होती’ झाले, पण ‘यावे’ जागचे हलले नाही. आपल्या शेजाऱ्यांच्या गुजरातीतही ‘ए आवे एवी मारी इच्छा हती’ यातील ‘आवे’ तसेच राहते. म्हणजे काळाची ही ओढाताण आपल्या दोन्ही भाषांना मंजूर नाही, आणि आजची बोलली जाणारी फ्रेंचही नेमकी तेच करते : ‘इल व्हुले केल व्हिएन’. मराठी माणसाला जे स्वाभाविक वाटते तेच आज शिष्टसंमत आहे. इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने विचार करणाऱ्याला उलट उगाच धास्ती वाटते.

वाचताना वा भाषांतर करताना या रूपाला मराठीत कोणते वळण द्यावे, याचा ठोकताळा असा :

- इच्छा, आज्ञा, आवश्यकता यांच्यामागून आले तर ‘-आवे’ : यावे, करावे, असावे.
- ‘ब्यँ क’ (जरी) नंतर आले तर ‘असूनही’, ‘असला तरी’ : ‘ब्यँ किल फ्यु मालाद’, आजारी असूनही.
- ‘आव्हाँ क’ (पूर्वी) नंतर आले तर ‘-ण्यापूर्वी’.
- मुख्य वाक्यातच टोपीवाले ‘यु’ आणि पुढे धातुसाधित आले तर ‘असते’ : ‘इल यु फाल्यु’, लागले असते.

या शेवटच्या प्रकारापाशी क्षणभर थांबावे, कारण कादंबरी वाचणारे बहुतेक येथेच अडखळतात. गौण वाक्य नाही, ‘क’ नाही, तरी सब्जंक्टिव्ह कसा? वस्तुतः हा कंडिशनलच आहे. भूतकाळी कंडिशनलचे ते दुसरे, भारदस्त रूप असून व्याकरणकारांनी त्याला ‘दुसरे रूप’ असेच नाव दिले आहे. आपण त्याला मनातल्या मनात कंडिशनलमधील साध्या ‘ओरे’ने बदलावे आणि पुढे वाचीत जावे.

आपणांस मिळालेली मुभा

- २६ फेब्रुवारी १९०१ रोजी फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने काढलेल्या हुकमान्वये, मुख्य वाक्य वर्तमान कंडिशनलमध्ये असल्यास गौण वाक्यात इंपर्फेक्टऐवजी वर्तमान सब्जंक्टिव्ह लिहिण्याची सूट मिळाली. (अरविंदबाबू त्या वेळी बडोद्यातच होते, हुकमाची वार्ता त्यांच्या वर्गापर्यंत आली की नाही, हा कुतूहलाचा विषय आहे.)
- २८ डिसेंबर १९७६ च्या हुकमाने ही मुभा मुख्य वाक्य भूतकाळात असतानाही लागू झाली. तसेच प्लुपर्फेक्टच्या जागी पर्फेक्ट सब्जंक्टिव्ह चालेल, असेही ठरले.
- १९९० च्या लेखनसुधारणेने ‘आय’ आणि ‘यू’वरील टोपी पुष्कळ शब्दांत ऐच्छिक केली, परंतु पासे सँप्ल आणि सब्जंक्टिव्ह यांच्या प्रत्ययांतील टोपीला हात लावला नाही. तेव्हा ‘नव्या नियमाने टोपी गेली’ हा युक्तिवाद येथे चालणार नाही.

आता एक खबरदारी. १९०१ आणि १९७६ चे हुकूम फ्रान्समधील सरकारी परीक्षांपुरते आहेत. आपल्याकडचा परीक्षक त्यांनी बांधलेला नाही. म्हणून प्रश्नाची भाषा नीट वाचावी. ‘योग्य रूप लिहा’ एवढेच म्हटले असेल तर वर्तमान सब्जंक्टिव्ह लिहिण्यास बाध नाही. काळाचे नाव घेऊन रूप मागितले असेल, तर तेच द्यावे, मुभेची सबब सांगू नये. वर्गात ही शंका सत्राच्या आरंभीच शिक्षकांना विचारून घ्यावी.

नेहमीच्या चुका

- ‘सी’ (जर) नंतर सब्जंक्टिव्ह घालणे. इंग्रजी शाळेत ‘इफ आय वेअर’ हे सब्जंक्टिव्ह म्हणून शिकलेला विद्यार्थी हमखास ‘फ्युस’ लिहितो. ‘मी श्रीमंत असतो तर’ याला फ्रेंचमध्ये साधा अपूर्ण भूतकाळ लागतो : ‘सी जेते रीश’.
- ‘आप्रे क’ (नंतर) नंतर टोपी घालणे. येथे गोष्ट घडून गेलेली असल्याने सब्जंक्टिव्हचे काम नाही. ‘आप्रे किल यु फिनी’ यातील ‘यु’ बोडका लिहावा. ही चूक खुद्द फ्रेंच वृत्तपत्रांतूनही दिसते, म्हणून छापलेले पाहून फसू नये.
- ‘मी’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांची लांबलचक रूपे हौसेने लिहिणे. परीक्षकावर छाप पडत नाही, हसू येते.

हसू का येते, तेही सांगतो. ‘व्हिस’ म्हटले की फ्रेंच माणसाला पाहणे आठवत नाही, स्क्रू आठवतो. ‘प्युस’ म्हणजे त्याच्या कानाला पिसू. ‘फिस’ म्हणजे मुलगा. आणि ‘आम्ही जाणावे’ या अर्थाचे ‘स्युसियों’ चोखण्याच्या क्रियापदाशी तंतोतंत जुळते. अल्फाँस आले या विनोदी लेखकाच्या नावावर असलेली एक प्रेमविलापिका सबंधच या रूपांच्या थट्टेवर उभी आहे. ज्या रूपाची अशी टवाळी होते ते सामान्य बोलण्यातून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ हद्दपार झाले, यात नवल नाही.

लिहिता यावे असे थोडके

ज्यांना प्रौढ गद्य लिहावयाचे आहे त्यांनी एत्रचे टोपीवाले ‘फ्यु’ आणि आव्ह्वारचे टोपीवाले ‘यु’ हस्तगत करावेत. हे दोन गंभीर लेखनात आजही शोभून दिसतात. त्यांच्या जोडीला काही ठोकळेबाज प्रयोग आहेत, ज्यांत हे रूप कायमचे गोठून राहिले आहे :

- ‘न फ्युस क’ : निदान… तरी, केवळ… पुरते का होईना.
- ‘द्युतिल’ : त्याला… लागले तरी बेहत्तर. येथे एरवी मुका असणारा टी पुढच्या स्वराला जोडून उच्चारला जातो.
- ‘प्ल्युता द्यो’ : देव करो आणि.

यांचे व्याकरण उकलीत बसू नये. वाक्प्रचार म्हणूनच पाठ करावेत.

सराव कसा करावा

एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही कादंबरीची दोन पाने घ्यावीत. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ (१८५७) याला उत्तम. पेन्सिलीने टोपीवाला स्वर आणि त्यापुढचा टी यांच्या प्रत्येक जोडीवर आणि प्रत्येक दुहेरी एसवर खूण करावी. मग प्रत्येक खुणेपुढे मूळ क्रियापद, त्याचे घराणे आणि मुख्य वाक्याचा काळ ही तीन टिपणे ठेवावीत. अडल्यास ‘बेशरेल’ ही सुप्रसिद्ध धातुरूपांची पोथी उघडावी, पण पान पूर्ण झाल्यावर. मध्येच उघडल्यास डोळा कधीच तयार होत नाही. शेवटी तीच वाक्ये वर्तमान सब्जंक्टिव्हमध्ये बदलून मोठ्याने म्हणावीत. या अखेरच्या व्यायामाने एकाच श्रमात वाचनही पक्के होते आणि संभाषणाचीही तयारी होते.

संगणकावर वा फोनवर उत्तर लिहावयाचे असल्यास टोपी कशी उमटते हे परीक्षेपूर्वी पाहून ठेवावे. फोनवर यू किंवा आय हे अक्षर दाबून धरले की पर्याय वर येतात. परीक्षाकेंद्राच्या संगणकावर फ्रेंच कळफलक बसविलेला आहे किंवा नाही, याची चौकशी मात्र नावनोंदणीच्या वेळीच करावी.